पाकाला ‘बास’ कोण म्हणणार?

४ फेब्रुवारी

करबहाद्दर डॉक्टरसाहेब यांस,

ताईचा आशीर्वाद. नको असला तर याच पाकिटात घालून परत पाठव, मी काही म्हणणार नाही.

काल तुला रेडिओवर ऐकलं. बाटल्या भरायच्या मशीनवरचे काका दिवसभर रेडिओ लावून असतात, तुला माहीतच आहे. एकदम ओरडले, "ताई, धावा! आपला बारक्या बोलतोय!" मी पाकाच्या खोलीतून हात पुसत पळत आले. बाटल्या धुणाऱ्या बायका आल्या, क्रेट उचलणारे आले. काकांनी चक्क मशीन बंद केलं, जे ते आपल्या या थंड पेयांच्या कारखान्याला आग लागली तरी करणार नाहीत. घरचा माणूस बोलतोय म्हणजे काहीतरी चांगलंच बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. आणि तू काय बोललास? गोड पेयांवर कर बसवा. साखर जितकी जास्त तितका कर जास्त. एका ठरावीक हद्दीच्या खाली साखर असेल तर कर नाही.

तुझं बोलणं संपलं तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "बघताय काय? लहानपणी यानंच सगळ्यात जास्त ढोसलीय आपली नारिंगी." हशा झाला. मशीन सुरू झालं. पण काकांनी नंतर दिवसभर रेडिओ लावला नाही.

फोन का करत नाही, असं विचारशील. फोनवर मी ओरडते आणि तू गप्प बसतोस, आणि तुझं ते गप्प बसणं मला कुठल्याही उलट उत्तरापेक्षा झोंबतं. पत्रात निदान मला माझं वाक्य पुरं करता येतं. शिवाय शेवटचं आपण बोललो ते जेवणाच्या टेबलावर, आणि त्याची आठवण काढली की अजून माझी कानशिलं तापतात. तू म्हणालास, बाबांना या बाटलीनं नेलं. मी म्हटलं, याच बाटलीनं तुला डॉक्टर केलं. तू ताट सरकवून उठलास. दीड वर्ष झालं त्याला. ताट मी तसंच झाकून ठेवलं होतं, तू बसस्टॉपवरून परत येशील म्हणून. मास्तर म्हणाले, "तुझाच भाऊ आहे, येतोय कसला." (माझा नवरा शाळेतून निवृत्त झाला, पण मार्क देणं सुटलं नाही.)

एक गोष्ट मात्र ऐकून ठेव. आपली नारिंगी मी अजून बाबांच्याच पद्धतीनं करते. टाकीत गरम पाणी, वरून साखर, खाली ढवळणं. मधेमधे पळीभर पाक ग्लासभर पाण्यात घालून चाखायचा. चव जमली की म्हणायचं, ‘बास’. मग साखर थांबते, संत्र्याचा अर्क पडतो. ना वजन, ना माप. बाबांची जीभ होती तोवर बाबांची, आता माझी. तू पहिल्या पगारातून मला ते साखर मोजायचं यंत्र आणून दिलं होतंस ना, ते कपड्यात गुंडाळून खणात ठेवलंय. रुसू नकोस. भावानं दिलेली वस्तू आहे म्हणून जपून ठेवलीय, एवढंच.

रेडिओवर तुझा घसा बसल्यासारखा वाटला. गरम पाणी पीत जा. मीही हल्ली गरम पाणीच पिते, आणि चहा बिनसाखरेचा. दाताचं निमित्त झालं.

तुझी (अजून तरी) ताई


२० मार्च

डॉक्टरसाहेब,

झालं तुझ्या मनासारखं. कर लागू होणार. पेपरात तुझा फोटोही आलाय, कमिटीच्या लोकांत शेवटून दुसरा. केस किती पिकलेत रे! तिथे कुणी तेल लावायला सांगत नाही वाटतं.

इथे काय चाललंय ते सांगते. आपल्या नारिंगीत साखर हद्दीच्या बरीच वर असणार, हे सांगायला यंत्र लागत नाही. कर भरायचा तर बाटली महाग होणार. महाग झाली की दुकानदार मोठ्या कंपनीचं पेय ठेवणार. त्यांना दोन पैसे इकडेतिकडे झाले तरी काय फरक पडतो! मग हा कारखाना मी किती दिवस ओढणार? बाटल्या धुणाऱ्या मावशी परवा मला म्हणाल्या, "ताई, मला आधी सांगा हं. एकदम सांगू नका." त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूनं जात नाही, मागच्या दारानं जाते. मला लपूनछपून वागायची सवय नाही, तुला माहीत आहे. मी आपली तोंडावर बोलून मोकळी होणारी बाई.

तू म्हणशील, साखर कमी कर. केली! म्हणजे करून बघायची म्हणून एक क्रेट वेगळं काढलं. टाकीतला पाक नेहमीसारखा झाला होता, त्यात फक्त पाणी वाढवलं, अगदी किंचित. बाटल्यांवर कागद चिकटवले, ‘कमी साखर’. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या आजोबांकडे पाठवलं. ते बाबांच्या वेळेपासूनचे. संध्याकाळी क्रेट परत. स्वतः आले सांगायला, "पोरी, हे काय, रंगीत पाणी? गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय." आणि जाता जाता म्हणाले, "तुझी नेहमीची बाटलीच पाठव. हल्ली ती इतकी छान लागते. अगदी पहिल्यासारखी."

बघ. लोकांना गोड हवं असतं. तुम्ही कमिटीत बसून चहाच्या कपात काय ढवळता देव जाणे, पण लोकांच्या जिभेवर तुमची कमिटी बसवता येत नाही.

आता एक मागणं. लिहिताना हात अडतोय, पण लिहिते. लहान कारखान्यांना सूट द्या, असं तू कमिटीला सांगू शकशील का? तुझ्या एका शब्दानं...

नको. खोडत नाही, पण नको. तू सांगितलंस तर उद्या पेपरात येईल, ‘बहिणीचा कारखाना वाचवला’. बाबा गेले ते गेले, पण तुझं नाव खराब केलेलं त्यांना चाललं नसतं. वरचा परिच्छेद वाचला नाहीस असं समज.

बाकी सगळं ठीक. नवीन चपलेनं टाच चावली, तिचं थोडं चिघळलंय, पुष्कळ दिवस झाले बरी होत नाही. चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला. या पत्रातली अक्षरं मोठी आलीत ती त्यामुळे, तुझ्यावर ओरडतेय म्हणून नव्हे. मास्तरांनी साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवलाय. मुंग्या होतात म्हणे.

तुझी ताई


११ एप्रिल

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. दीड वर्षानंतर भावाचं पत्र येतं आणि त्यात एकच ओळ! ‘ताई, टाच आजच्या आज डॉक्टरला दाखव आणि रक्तातली साखर तपासून घे.’ ना कशी आहेस, ना काय करतेस. माझ्या दोन लांबलचक पत्रांतून तुला काय दिसलं, तर टाच! काम करणाऱ्या मावशींचं दिसलं नाही, कारखान्याचं दिसलं नाही. तुला सगळीकडे साखरच दिसते.

मी ठणठणीत आहे. काल दोन क्रेट स्वतः उचलले.

रागानं कार्ड फाडणार होते. मग वाटलं, अक्षर किती बाबांसारखं आहे. ‘ताई’मधल्या ‘ई’ची शेपटी तशीच मागे ओढलेली. आरशाला लावून ठेवलंय आता. मास्तर रोज दाढी करताना ते मोठ्यानं वाचतात, मुद्दाम.

आठवतं का तुला, तू शाळेत जायला लागला नव्हतास तेव्हाचं? भरणी चालू असली की काही बाटल्या फेसाळून वर यायच्या. तू मशीनखाली मान घालून उभा राहायचास, तोंड उघडून. काका मुद्दाम एखादी जास्त भरायचे. तुझा सदरा पुढून कायम नारिंगी. मी तुला पाठुंगळी घेऊन नळावर न्यायची, धुवायची, आणि तू रस्ताभर माझ्या मानेला चिकट हात लावायचास. आई नव्हती, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात. म्हणजे अक्षरशः गळ्यात. मला तेव्हा इतका वैताग यायचा, आणि आता हे लिहिताना सारखा मानेकडे हात जातोय. म्हातारी झाले मी.

बाबांच्या पायाबद्दल आपण कधी बोललो नाही. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. मी दवाखान्यात होते. आत गेले तेव्हा दोन्ही पायांनी चालत गेले होते. टाचेलाच झालं होतं काहीतरी, एवढंसं. परत आले तेव्हा मी पांघरुणाकडे बघितलंच नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते म्हणाले, "पाकाला कोण बास म्हणालं आज?" मी म्हटलं, "मी." म्हणाले, "मग झालं." त्या दिवसापासून रोज मीच म्हणतेय.

म्हणून तुझं ते वाक्य मला इतकं लागलं, बाटलीनं नेलं ते. तू खोटं बोललास म्हणून नव्हे.

दाताचं मी लिहिलं होतं ते अगदीच थाप नव्हती. दातही दुखत होता.

काळजी करू नकोस. म्हणजे कर थोडी, पण कार्डावर मावेल एवढीच नको. पुढच्या वेळी पाकीट पाठव.

ताई


२ जून

प्रिय बारक्या,

आधी बसून घे. मीही बसूनच लिहितेय, पाय स्टुलावर घेऊन. का ते पुढे येईल.

सोमवारी कराच्या ऑफिसातून तपासनीस बाई आल्या. तुझ्यापेक्षाही लहान, नीटनेटक्या, हातात पेटी. मी आधीच ठरवलं होतं, हिला चहा विचारायचा नाही. पण घामाघूम झाली होती बिचारी, म्हणून दिला. पाकाची खोली दाखवली. ऐटीत सांगितलं, "आमच्याकडे माप नाही. आमच्याकडे जीभ आहे." काका मागे उभे राहून मान डोलावत होते. बाई म्हणाल्या, "छान. मला जीभ लिहायला फॉर्मवर जागा नाही, मी थेंब घेते." तयार क्रेटमधली एक बाटली उघडली, गॅस जाऊ दिला, पेटीतून यंत्र काढून थेंब टाकला, डोळा लावला. मग पुसून पुन्हा टाकला. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमची साखर हद्दीच्या खाली आहे. कर लागत नाही."

मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय तुमचं."

मी असं म्हटलं, बारक्या! कर लागत नाही म्हणून सांगणाऱ्या बाईशी मी भांडले! "आमची नारिंगी अशी नाही. गेली कित्येक वर्षं मी स्वतः चाखतेय." त्यांनी दुसरी बाटली घेतली. तिसरी घेतली. शेवटी मी तणतणत जाऊन खणातून तुझं यंत्र काढलं, कपडा सोडला आणि त्यांच्या हातात ठेवलं, म्हटलं, "हे माझ्या भावाचं. हे खोटं बोलणार नाही." त्यातही तोच आकडा.

मग काका हळूच म्हणाले, "ताई, साखरेची पोती बरेच दिवस उरतायत. मागच्या गोदामात थप्पी लागलीय. मला वाटलं, तुम्ही कराच्या धास्तीनं गुपचूप कमी करताय. म्हणून मी पण कुणाला बोललो नाही." बोलताना त्यांची छाती केवढी फुगली होती! मालकिणीचं गुपित आपण सांभाळलं याचा अभिमान. आणि मालकिणीला त्यातलं काहीच माहीत नाही.

मला उभ्या उभ्या समजलं सगळं. बाईंसमोर काही बोलले नाही. त्या गेल्यावर पाकाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तर ऐक. मला साखरेचा आजार आहे. गेल्या उन्हाळ्यात कळलं, म्हणजे तुझ्या कार्डाच्या कितीतरी आधी. मास्तरांना शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही. का? कारण तुझं खरं ठरलं असतं. टेबलावरच्या त्या भांडणात तू जिंकला असतास, आणि मला ते सहन झालं नसतं. एवढं साधं आणि एवढं खुळचट कारण. घरी मी साखर पार सोडली. चहातली, दुधातली, सगळी. पथ्य मोडून फक्त पाकाचा घोट तेवढा घ्यायची, कामापुरता. आणि माझी जीभ, जिच्यावर मी एवढी मिजास मारत होते, ती माझ्या नकळत निवळत गेली. कालपर्यंत बेताचं वाटणारं तिला आज गोडमिट्ट वाटायला लागलं. मी दर टाकीला जरा आधी ‘बास’ म्हणत गेले. जरा जरा करत कुठल्या कुठे आले. मला पत्ता नाही, आणि पिणाऱ्या एकाही माणसाला पत्ता नाही! किराणावाले आजोबा तर म्हणत होते, पहिल्यासारखी लागते. त्यांनी परत पाठवलेल्या त्या क्रेटमध्ये आणि नेहमीच्या बाटलीत फरक होता तो मुख्यतः कागदाचा. कागदावर ‘कमी साखर’ वाचलं आणि तोंड वाकडं झालं.

आणि ‘पहिल्यासारखी’ म्हणजे काय, त्याचाही उलगडा झाला. आठवून बघ, आपण लहान असताना बाबांचं ‘बास’ किती लवकर यायचं. नंतर नंतर पोती टाकणारे दमून जायचे, तरी बाबा म्हणत, "थोडी अजून." दिवसभर चाखून चाखून त्यांची जीभ बधिर होत होती, आणि पेय त्यांच्या जिभेमागे गोड होत चाललं होतं. आपण त्यालाच बाबांची चव म्हणत राहिलो. सगळ्या गावाला ती चव आम्हीच लावली आणि वर म्हणायचं, लोकांना गोड हवं असतं.

तू बरोबर होतास. एकदाच लिहितेय, जपून ठेव.

तरी करावर माझा अजून राग आहे. पण कर नसता तर त्या बाई आल्या नसत्या, यंत्र खणातून निघालं नसतं, आणि मी दाताचं कारण सांगत बसले असते. मावशींना मी पुढच्या दारानं जाऊन सांगितलं, कारखाना चालू राहणार. त्यांनी ओल्या हातांनीच मिठी मारली.

आता पाय. मास्तरांनी सोमवारी संध्याकाळी रिक्षा आणून दारात उभी केली आणि म्हणाले, "बसतेस की तुझ्या भावाला तार करू?" बसले. डॉक्टर म्हणाले, जखम आत गेलीय. भरती व्हा, साफ करू. पाय वाचेल बहुतेक. त्या ‘बहुतेक’पाशी मी आल्यापासून बसून आहे. बाबांच्या डॉक्टरांनीही ‘बहुतेक’च म्हटलं होतं. मला भीती वाटते, बारक्या. मास्तरांसमोर विनोद करतेय, त्यांना वाटतंय मी शूर आहे.

तू डॉक्टर म्हणून नको येऊस. नुसता ये.

तुझी ताई


८ जून
(मास्तरांच्या हाती, बारक्या पोचताच द्यायला)

बारक्या,

तुझा फोन आला तेव्हा मी ओरडले नाही, हे लक्षात आलं का? तू गप्प नव्हतास, म्हणून. नाक ओढत होतास. एवढा मोठा कमिटीवरचा माणूस!

तू पोचशील तेव्हा मी आत गेलेली असेन. मास्तर तुला थेट दवाखान्यात आणायला बघतील, पण येऊ नकोस. आधी कारखान्यात जा. पाक सकाळी व्हायलाच हवा, नाहीतर दिवसभर मशीन रिकामं राहील आणि काका सगळ्यांचं डोकं खातील. किल्ली त्यांच्याकडे आहे. त्यांच्या हाती पाक देऊ नकोस. स्वतःच्या चहात ते चमचा उभा राहील एवढी साखर घालतात. त्यांनी ‘बास’ म्हणेपर्यंत गोदाम रिकामं होईल.

यंत्र पाकाच्या खोलीतल्या खणात आहे. वापर. मीही आता वापरणार. पण ते आकडा सांगेल आणि गप्प बसेल, ‘पुरे’ असं माणसालाच म्हणावं लागतं. तेव्हा चाखायचं कसं ते नीट वाच. आधी कोमट पाण्यानं चूळ भर. पळीभर पाक, ग्लासभर पाणी, ढवळ. पहिला घोट थुंकून टाक, तो नेहमी फसवतो. दुसरा तोंडात धर. घाई करू नकोस, तुला लहानपणापासून घाई. घशाशी पोचू दे. मग डोळे मिट आणि बघ, अजून हवंसं वाटतंय का. वाटत असेल तर थोडी अजून. नसेल तर मोठ्यानं म्हण, काकांना कमी ऐकू येतं.

तुझी जीभ स्वच्छ आहे, मला माहीत आहे. तू कित्येक वर्षांत हे प्यायला नाहीस. तुला कदाचित माझंही गोड वाटेल. वाटलं तर लाजू नकोस.

काम झालं की दवाखान्यात ये. मी शुद्धीवर येईन तेव्हा पांघरुणाकडे बघू नकोस, माझ्या तोंडाकडे बघ. मी तुला एकच विचारणार आहे, पाकाला कोण बास म्हणालं आज. उत्तर तुला पाठ आहे.

आणि तू जिथे ‘बास’ म्हणशील तिथे बास. मी वाद घालणार नाही. निदान घरी येईपर्यंत तरी.

ताई